विहिरीकडचा भाग

५ फेब्रुवारी

वहिनी,

तुमचं पत्र मिळालं. फोन तुम्ही उचलत नाही, त्याबद्दल माझी तक्रार नाही. फोनवर माझी जीभ अडखळते हे तुम्हाला माहीत आहे. लिहिताना अडखळत नाही. नववीपर्यंत मी सगळ्या विषयांत मार खाल्ला, फक्त शुद्धलेखनात नाही.

तुमचं म्हणणं मला समजलं आहे, तरी माझ्याकडून चूक नको म्हणून परत लिहितो. शहरातली भाड्याची खोली तुम्हाला डिसेंबरअखेर सोडायची आहे. स्वतःचं छप्पर घ्यायचं तर विहिरीकडचा भाग विकावा लागेल. तोपर्यंत मी दोन घरं चालतील असं एखादं पीक उभं करून दाखवलं, तर तुम्ही विकणार नाही आणि उत्पन्नातल्या वाट्यावर दुसरी खोली बघाल. नाही दाखवलं तर विकाल. मला मान्य आहे. तुमच्या जागी मी असतो तर एवढी मुदतही दिली नसती.

बाबांनी वाटणी करताना विहीर, चांगली माती आणि घर दादाच्या भागात टाकलं, कारण शेती दादा करणार होता. रस्त्याकडचा खडकाळ भाग आईच्या नावावर ठेवला, पुढे मी तिथे दुकान टाकीन म्हणून. दुकान मी टाकलं नाही. दादा गेल्यावर त्याचा भाग तुमच्या नावावर आला. म्हणजे आज आम्ही मायलेक झोपतो ते घर तुमचं, पितो ते पाणी तुमचं. हे वाक्य आईसमोर मी कधी उच्चारलं नाही.

तिला तुमचं पत्र वाचून दाखवलं. ती म्हणाली, "विकू दे. मुलगा घेऊन गेली, आता घर घेऊन जाऊ दे." दादाला मोठ्या दवाखान्यात तुम्ही नेलंत आणि तो परत आला नाही, एवढंच तिला दिसतं. आधीच नेलं असतं तर तो आणखी किती जगला असता, हे तिला कोण सांगणार? तुम्ही सांगितलंत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्हाला घर सोडावं लागलं.

पीक कोणतं, यावर मी डोकं खाजवतो आहे. फुलं लावावीत तर बस सकाळी एक आणि दुपारी एक. बाजारात पोचेपर्यंत फुलांच्या माना पडतात. भाजी सगळेच लावतात आणि सगळ्यांची एकाच आठवड्यात तयार होते. फळझाडांना पहिलं फळ यायलाच तीन-चार वर्षं. शेजाऱ्याला विचारलं. दादानं ज्याला 'रेडिओ' नाव ठेवलं होतं, तोच. तो म्हणाला, "तू काहीही लाव रे, फक्त मला आधी सांग. म्हणजे मी ते लावणार नाही."

शेवटी आलं लावायचं ठरवलं आहे. आलं बसमध्ये माना टाकत नाही.

आई बरी आहे. गुडघ्यांमुळे शेतात येत नाही, उंबऱ्यावर बसून मला हाका मारते.

तुमचा धाकटा दीर


२ ऑगस्ट

वहिनी,

आलं कुजलं. रेडिओ सगळ्यांना सांगत फिरतो आहे, "आलं आणि गेलं." दुसऱ्याचं असतं तर मीही हसलो असतो.

चूक माझीच आहे. उगवलं की नाही याची मला इतकी धास्ती, की मी दर आठवड्याला एखादा कंद उकरून बघत होतो आणि परत पुरत होतो. आई उंबऱ्यावरून ओरडायची, "लावलंयस की लपवलंयस?" मग पानं पिवळी पडली तेव्हा वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून पाणी वाढवलं. पिवळी पडली होती ती जास्त पाण्यानं. उपटलं तर कंद बोटांत लगदा झाले. विहिरीकडच्या भागाची सगळी चांगली माती मी त्यात घातली होती. ती माती तुमची, म्हणून कळवणं भाग आहे.

आता वर्षातले उरलेले महिने कमी आहेत आणि एवढ्यात तयार होईल असं जमिनीतलं पीक मला सापडत नाही. मी खूप शोधलं. परवा शेतीच्या ऑफिसात दिवसभर बसून राहिलो, तेव्हा तिथल्या माणसानं माझ्याकडे बघून विचारलं, "घरात एखादी अंधारी, बंद खोली आहे का?" मला वाटलं, मला कोंडायचं म्हणतोय. तो अळंबीबद्दल बोलत होता. मशरूम. पेंढा कापायचा, गरम पाण्यातून काढायचा, पिशव्यांत बियाण्याबरोबर थर देऊन भरायचा आणि पिशव्या अंधारात टांगायच्या. महिन्याभरात पहिला तोडा. त्यानं दोन दिवस शिकवलं. मी सगळं नीट शिकलो आहे. उकरून बघायला त्यात काही नाही.

खोली तुमची आहे. तुमची आणि दादाची. किल्ली इथे खिळ्यालाच आहे, पण तुम्ही कुलूप लावून गेलात ते मी उघडलेलं नाही. आत तुमचं शिवणयंत्र, ट्रंक आणि दादाचे कपडे आहेत. परवानगी असेल तर दोन ओळी लिहा. नसेल तर काही लिहू नका, मी समजेन.

तुमचा दीर


२० ऑगस्ट

वहिनी,

तुमचं कार्ड मिळालं. "खोली उघडा. यंत्राला तेल देऊन झाकून ठेवा. पण एक सांगा, मशरूम खोलीत होतात तर जमीन कशाला हवी?"

हा प्रश्न तुम्ही विचाराल याची मला भीती होती. रेडिओनंही विचारला, म्हणजे किती उघड प्रश्न आहे बघा. उत्तर असं. पेंढा जमिनीतून येतो. विकत घेतला तर हाती काही उरत नाही. पाणी विहिरीचं. तोडे संपल्यावर पिशवीतला पेंढा खत होऊन परत मातीत जातो, आणि आल्यानं मी जी माती बिघडवली ती त्यानं सुधारेल. हे मी मनचं लिहीत नाही, त्या माणसाला तीनदा विचारून घेतलं आहे. तिसऱ्या वेळी तो चिडला.

कुलूप काढलं तेव्हा आई मागे उभी होती. मला वाटलं रडेल किंवा तुमच्यावर तोंड सोडेल. तिनं आत बघितलं आणि म्हणाली, "आधी झाडून घे, असं बघत काय बसलायस." मग माझ्या हातातून केरसुणी घेऊन स्वतःच झाडायला लागली. गुडघे दुखतात म्हणून गेली दोन वर्षं ती आपल्या खोलीतसुद्धा केर काढत नव्हती. दादाचे कपडे तिनं ट्रंकेत ठेवले. यंत्राला तेल मी दिलं आणि चादरीनं झाकून स्वयंपाकघरात आणून ठेवलं आहे.

खिडकीला गोणपाट लावलं. आढ्याला दोऱ्या बांधल्या. ती खोली आणि आईची खोली यांच्यामधलं दार बसत नाही, त्याच्या फटीत मी कापड कोंबलं आहे.

तुमचा दीर


८ ऑक्टोबर

वहिनी,

पिशव्यांना कान फुटले! असं आई म्हणते, आणि दिसतंही तसंच. आधी सगळा पेंढा पांढरा होतो, मग एका सकाळी छेदांतून टाचणीएवढे ठिपके, आणि दोन-तीन दिवसांत हाताच्या पंज्याएवढे कान, एकावर एक. मी पहिल्या दिवशी दारातच उभा राहिलो. मला वाटलं आत गेलो तर काहीतरी बिघडवीन.

आई बिनदिक्कत गेली. आता तोडणी तिच्याकडेच आहे. स्टुलावर बसून करता येणारं काम तिला किती दिवसांनी मिळालं! सकाळी मी उठतो तेव्हा ती खोलीत असते, दुपारी जेवायला हाक मारावी लागते. पिशव्यांशी बोलते. काल एकीला म्हणत होती, "तू अगदी आळशी आहेस, शेजारणीकडे बघ जरा."

आमच्यात वाद होतो तो एकाच गोष्टीवर. शिकवताना सांगितलं होतं की कडा आत वळलेल्या असतानाच तोडायचं. आईला ते पटत नाही. ती जन्मभर वांगी, काकड्या, भोपळे तोडत आली. "भरू तरी दे," म्हणते. "कोवळं ओरबाडायला घरात कोण उपाशी बसलंय?" एक दिवस ठेवलं तर कान दुप्पट होतात, कडा वर उलटतात, वजन भरतं. आणि बस थांब्याजवळच्या हॉटेलवाल्यालाही मोठीच हवी असतात. तो म्हणतो, "बारकी दिलीस तर गिऱ्हाईक विचारतं, यात मशरूम कुठंय?" तेव्हा मीही एक दिवस थांबून तोडू लागलो. दोघं एकीकडे झाल्यावर माझं कोण ऐकणार.

भरलेल्या कानांतून बारीक पांढरी पूड गळते. सकाळी स्टुलावर, दोऱ्यांवर, आईच्या केसांवर बसलेली असते. ती म्हणते, पिठाच्या गिरणीत नोकरी लागल्यासारखं वाटतं.

हॉटेलवाला एक दिवसाआड नेतो आहे. दुसराही एकजण विचारून गेला. वहिनी, मला नीट झोप लागते आहे. बसच्या ड्रायव्हरबरोबर तुमच्यासाठी एक डबा पाठवतो आहे. अळंबी आईनं निवडली आहे. कुणासाठी ते मी सांगितलं नव्हतं, पण तिनं सगळ्यांत मोठे कान काढून ठेवले आणि म्हणाली, "कागद घाल खाली, नाहीतर ती म्हणेल डबा घाण पाठवला."

तुमचा दीर


२८ ऑक्टोबर

वहिनी,

डबा पोचला हे वाचून बरं वाटलं. तुम्ही विचारलंत, कागदावर पांढरी पूड इतकी कशी पडली, आणि ती घरात उडते का.

ते अळंबीचं बी आहे. भरून आली की सोडते. उडते थोडी. खिडकी बंद असते म्हणून खोलीतच राहते. त्यात काळजी करण्यासारखं काही नाही.

आईला थोडा खोकला आहे. हवा बदलली की तिला होतोच.

(यानंतरची ओळ मी खोडली आहे, वाचायचा प्रयत्न करू नका.)

मुख्य गोष्ट अशी की हॉटेलवाल्यानं वर्षभर माल घ्यायचं तोंडी कबूल केलं आहे, आणि दुसरा माणूसही नक्की झाला आहे. पिशव्यांची दुसरी रांग भरली. तुमचा वाटा या महिन्यापासून ड्रायव्हरच्या हाती पाठवतो आहे. थोडा आहे, पण दर महिन्याला येईल आणि वाढेल. तेव्हा पीक ठरलं असं मी समजतो. तुम्हीही समजावं ही विनंती. रेडिओ सांगत होता, कुणी गोदामवाला रस्त्यालगत जागा बघत फिरतो आहे आणि आपल्या घराकडे बोट दाखवून काहीतरी विचारत होता. तुम्ही त्याच्याशी काही बोलला नसाल, मला खात्री आहे. तरी कळवा.

आई दुपारी जरा पडून असते. संध्याकाळी कणकण येते, सकाळी उतरते. सकाळी उतरली की पुन्हा खोलीत जाऊन बसते.

तुमचा दीर


१५ नोव्हेंबर

वहिनी,

तुमच्या कार्डावर दोनच शब्द होते. "नाही विकत." हे दोन शब्द यावेत म्हणून मी वर्षभर धडपडलो. कार्ड आलं त्या दिवशी मला ते तुम्हाला परत पाठवावंसं वाटलं. का ते आता सगळं लिहितो. काही खोडणार नाही.

आईचा खोकला हवेचा नाही. मला हे कळलं त्याला आठवडा झाला. मावशीच्या घरी काम निघालं म्हणून आई चार दिवस तिच्याकडे गेली होती. इथे अंगणात चालताना तिला दम लागत होता. तिथून मावशीचा निरोप आला, "बहिणीला आजारी म्हणून पाठवलंस, ती तर माझ्या आधी जिना चढते." मला आनंद झाला. ती परत आली, दुपारभर खोलीत बसून साठलेला तोडा काढला, आणि संध्याकाळी अंग तापानं फणफणलं. ओठ कसेतरीच दिसले. मी तिच्या उशाशी बसलो आणि मला सगळं एका ओळीत दिसलं. तिकडे बरी, इकडे आजारी. तिकडे काय नाही? पूड नाही.

तुम्ही ते विचारलं होतंत. एक कागद बघून विचारलं होतंत.

डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि विचारलं, "घरात कबुतरं पाळता का?" मी म्हणालो नाही, अळंबी. त्यांनी नळी काढली. ते म्हणाले, कबुतरांच्या विष्ठेच्या धुळीसारखीच ही पूड श्वासाबरोबर आत जाऊन छातीला सुजवते, सगळ्यांना नाही पण काहींना. एकदा झालं की थोडीशी पूडही पुरते. मी विचारलं, तोंडाला फडकं बांधलं तर? पिशव्या दुसऱ्या टोकाला, रस्त्याकडच्या भागात झोपडी करून टांगल्या तर? मी तिकडे कपडे बदलून आलो तर? ते म्हणाले, "तुमच्या केसांतून येईल. या घरात एकतर ते पीक राहील, नाहीतर आई."

"मग मी जाते," आई म्हणाली आणि हसली. हसता हसता असा खोकला लागला की डॉक्टर खुर्चीवरून उठले.

घरी येताना म्हणाली, "डॉक्टरला काय कळतं. मी किती दिवसांची? विहीर राहू दे." मी म्हणालो, आजच सगळं उतरवतो. ती म्हणाली, "उतरव. मग डिसेंबरात कुठे झोपवणार आहेस मला? रस्त्यावर? तिथे श्वास चांगला येईल?"

घरी पोचल्यावर मी आधी कुलूप शोधलं.

खोलीला कुलूप लावलं आहे. आईला आत जायला मनाई केली आहे. पिशव्यांवर पुढचा भरगच्च तोडा येऊ घातला आहे, हॉटेलवाल्याला शब्द दिला आहे. एवढा एक तोडा मी एकटा काढीन, आणि मग सगळं बंद. त्याआधी दुसरं काही सुचतं का बघतो. तुम्हाला काही सुचत असेल तर लिहा. विकायचं ठरवलंत तरी लिहा.

तुमचा दीर


२७ नोव्हेंबर

वहिनी,

हे ड्रायव्हरच्या हाती देतो आहे, म्हणजे आज संध्याकाळीच तुम्हाला मिळेल.

परवा तो एक तोडा काढून मी बस थांब्यावर गेलो. हॉटेलवाल्यानं बोलण्यात गुंतवलं. अजून दोन हॉटेलं त्याच्या ओळखीची, त्यांनाही हवं, असं सांगत होता, आणि मी ऐकत उभा राहिलो. मला ऐकावंसं वाटलं. घरी आलो तर खोलीचं दार उघडं. किल्ली मी खिशात ठेवली होती, पण त्या दोन खोल्यांमधलं दार तिनं फटीतलं कापड ओढून, रेटून उघडलं होतं. दुसऱ्या खेपेला म्हणून मी मागे ठेवलेले मोठे कान सगळे काढून तिनं टोपलीत रचले होते. स्टुलावर वाकून बसली होती, हात गुडघ्यांवर. मी हाक मारली तर तिनं बोट वर केलं, थांब म्हणून. बोलायला तिच्याकडे श्वास नव्हता. पुष्कळ वेळानं म्हणाली, "तुझं एक काम हलकं केलं."

डॉक्टरांनी इथल्या दवाखान्यात ऑक्सिजन लावला आहे. ते म्हणतात, हे इथे भागणार नाही, शहरातल्या मोठ्या दवाखान्यात न्या. नाव सांगितलं. तुम्हाला ते सांगायला नको. दादा तिथेच होता.

ती नाही म्हणते. नळी नाकात असताना मान हलवून नाही म्हणते. मी तिला उचलून गाडीत घालू शकतो, पण उचलली तर ती वाटभर भांडेल आणि भांडण्याइतका श्वास तिच्याकडे नाही. रेडिओनं समजावलं, मावशीनं समजावलं. मावशीला म्हणाली, "तूच जा."

आज सकाळी सगळ्या पिशव्या कापून काढल्या. तोडा, टोपली, दोऱ्या, गोणपाट, सगळं खड्ड्यात पुरून वर चुना टाकला. रेडिओनं खड्डा खणायला मदत केली आणि तोंडातून एक शब्द काढला नाही. हॉटेलवाला स्कूटर घेऊन कुंपणाशी आला होता. मी म्हणालो, माल नाही. तो म्हणाला, "उद्या?" मी म्हणालो, नाही. मग तुमच्या खोलीच्या भिंती धुतल्या, उद्या चुना लावीन.

आता पीक नाही. तुम्ही शब्द दिला होता तो पिकाला दिला होता, तेव्हा तो तुमच्यावर बांधलेला नाही. विका. गोदामवाला असेल तर त्याला विका. मी सही-बिही काय लागेल ती करीन.

पण आधी या. दादाला नेलंत तसं हिला न्या. तेव्हा तुम्ही कुणाला विचारलं नव्हतं, आणि तेच बरोबर होतं. मी सगळ्यांना विचारत बसतो. या घरात न विचारता गाडी आणणारं माणूस आता कुणी उरलं नाही.

ती तुम्हाला काहीतरी बोलेल. फार बोलता येणार नाही तिला.

तुमचा दीर


४ डिसेंबर
दवाखाना, बाहेरचा बाक

वहिनी,

तुम्ही आत आहात आणि मी दाराबाहेर. तरी लिहितो आहे. हसू नका.

तुम्ही आलात त्या दिवशी मी तुम्हाला नमस्कारसुद्धा केला नाही, तेवढं भान नव्हतं. आईच्या खाटेजवळ उभं राहून तुम्ही म्हणालात, "चला. जे काय बोलायचं आहे ते गाडीत बोला." आणि आईनं पाय खाली सोडले. एवढ्यावर! आम्ही सगळ्यांनी दोन दिवस तिच्या पाया पडून झालं होतं. गाडीत ती काहीच बोलली नाही. एकदा फक्त म्हणाली, "खिडकी लाव, हिला वारा लागतोय." हिला म्हणजे तुम्हाला.

डॉक्टरांनी आज मला बाजूला घेऊन सांगितलं, सूज उतरते आहे, पण छाती पहिल्यासारखी होणार नाही. जिना नाही, धूळ नाही, धूर नाही. घरी नेता येईल. मी मान हलवली. कोणत्या घरी, ते मी त्यांना विचारू शकत नव्हतो.

मग मी इथे येऊन बसलो आणि दार अर्धवट उघडं होतं म्हणून तुमचं बोलणं कानावर आलं. मुद्दाम ऐकलं नाही. नंतर मुद्दाम ऐकलं.

आईनं विचारलं, "विकलास का तुझा भाग?"

तुम्ही म्हणालात, "नाही अजून."

"विकू नकोस. विहीर गेली की मागे राहतं काय? रस्त्याकडचा वीक. माझा."

"तुमचा मी कसा विकू?"

"सही मी करीन, पैसे तू घे. तुझं छप्पर कर. तो गोदामवाला रस्त्यालगतच बघतोय ना? गोदामाला माती कशाला लागते?" नळीचा आवाज येत राहिला. "हा वर्षभर काय लावू, काय लावू करत बसला. दगडांना गिऱ्हाईक आहे हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्यासुद्धा. इथे पडून पडून आलं."

"पण तो भाग भाऊजींसाठी ठेवलाय," तुम्ही म्हणालात.

"त्याला काय करायचाय? दुकान काढलं तर गिऱ्हाईकालाच विचारील, काय ठेवू म्हणून."

तुम्ही हसलात. तुमचं हसणं मी दादा गेल्यावर पहिल्यांदा ऐकलं. तो भाग खरोखर माझ्यासाठी ठेवलेला होता, आणि आईनं मला विचारलं नाही. मला राग आला नाही. थोडा आला, इथे बसल्या बसल्या गेला.

मग तुम्ही हसायचं थांबून म्हणालात, "म्हणजे तुम्ही दोघं माझ्या जागेत राहणार."

आई म्हणाली, "आत्ता कुठे राहतोय?"

वहिनी, हे वाक्य तिच्या तोंडून येईल असं मला कुणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता. मी उठून उभा राहिलो. आणि तेवढ्यात ती पुढे म्हणाली, अगदी हळू, मला अंदाजानं कळलं, "राहीन. तू ठेवून घेतलंस तर."

यावर तुम्ही काय म्हणालात ते मला ऐकू आलं नाही. नर्स आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. काचेतून फक्त दिसलं, की तुम्ही खाटेची उशाकडची बाजू वर करत होतात, आईला श्वास नीट यावा म्हणून, आणि ती तुमच्या दंडाला धरून वर सरकत होती. ते उत्तर होतं की नुसतं काम होतं, हे मला ठरवता येत नाही. मी अशा गोष्टी चुकीच्या ठरवतो.

माझ्या बाजूनं सांगतो. रस्त्याकडचा भाग आईनं विकावा, माझी हरकत नाही. घर तुमचं, माती तुमची, तिच्यात काय लावायचं ते तुम्ही सांगाल, खोदायचं काम मी करीन. आणि नाही म्हणायचं असेल तरी तुमचं चुकलं असं मी कधी म्हणणार नाही. आईसाठी मी कुठेतरी जिना नसलेली खोली बघेन.

तुम्ही बाहेर आलात की हे पत्र मी तुमच्या हातात देणार आहे. याचं उत्तर कार्डावर लिहू नका. इथेच वाचा आणि हो असेल तर हो, नाही असेल तर नाही, तोंडानं सांगा. मी बाकावरून हलत नाही.

तुमचा धाकटा दीर